खांद्याची दुखापत आणि हरवलेले महिने
(वार्षिक सभेत केलेले भाषण)



जमाखर्चाचा अहवाल आपल्या हाती आहेच. आकड्यांत न मावणारा एक विषय आज आम्ही आपणापुढे ठेवू इच्छितो.

सायन-पनवेल महामार्ग, सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्ता आणि माहुलकडे धावणारे टँकर यांच्यामध्ये आपले चेंबूर वसले आहे. दुचाकीवरून पडलेला तरुण आमच्याकडे येतो तेव्हा बहुधा तो खांद्यावर आपटलेला असतो. डोके एका बाजूला फेकले जाते, खांदा खाली दाबला जातो, आणि मानेतून हाताकडे जाणाऱ्या पाच नसांची मुळे ताणली जातात. या जाळ्यास ब्रेकियल प्लेक्सस म्हणतात. कधी नस केवळ ताणते, कधी तुटते, तर कधी मज्जारज्जूपासून मुळासकट उपटली जाते. अशा उपटलेल्या नसेची वेदना विलक्षण असते. हात बधिर असतो आणि तरीही जळतो. मधूनच विजेचा झटका बसावा तशी कळ येते.

आमच्याकडूनही एकदा चूक घडली, हे सांगण्यास आम्ही कचरत नाही. कुटुंबातील एकमेव कमावता तरुण होता. कॉलर बोन मोडलेले होते, क्ष-किरण चित्रात ते सांधताना दिसले आणि आम्ही समाधान मानले. मात्र त्या चित्रात नसा दिसत नाहीत. कोपर वाकत नाही ही तक्रार झोळीत हात असल्याने मागे पडली. योग्य तज्ज्ञांकडे तो पोहोचला तेव्हा पाच महिने उलटून गेले होते.

हे महिने इतके मोलाचे का? नस दिवसाला सुमारे 1 मिलिमीटर वाढते. मानेपासून दंडाच्या स्नायूपर्यंतचे 30 सेंटिमीटर गाठण्यास तिला जवळजवळ दहा महिने लागतात; स्नायू मात्र दीड वर्षाहून अधिक वाट पाहत नाही. म्हणूनच नसेची शस्त्रक्रिया शक्यतो 3 ते 6 महिन्यांत व्हावी लागते. मुंबईत डॉ. मुकुंद थत्ते आणि पुण्यात डॉ. अनिल भाटिया यांनी या क्षेत्रात दीर्घकाळ काम केले आहे. उपाय दूर नाही. उशीर होतो तो ओळखण्यात.

त्या प्रसंगानंतर खांदा वा मान दुखावलेल्या प्रत्येक रुग्णाची बोटे, कोपर, खांदा आणि स्पर्शज्ञान तपासून आम्ही नोंद ठेवतो. त्या बाजूची पापणी खाली आली आहे का, तेही पाहतो, कारण ती मुळे उपटल्याची खूण असू शकते. तीन आठवड्यांनी पुन्हा तपासणी होते आणि गरज भासल्यास नसांची विद्युत्-चाचणी केली जाते.

आप्तजनांना विनंती की, निपचित हाताला जोराची मालिश करू नये. सांधे आखडू नयेत म्हणून शिकविलेले व्यायाम रोज करावेत. बधिर हात तवा व उकळत्या पाण्यापासून जपावा. वेदनेला ‘नाटक’ म्हणू नये. तिच्यासाठी वेगळी औषधे आहेत.

देणगीदारांनी दिलेला निधी अशा रुग्णाच्या वर्ष-दीड वर्षाच्या भौतिकोपचारास लागतो. या कामात भपका नाही, परंतु घास तोंडापर्यंत नेणारा हात त्यातूनच परत मिळतो.