परदेशप्रवास आणि विमापत्राची निवड

रत्नागिरीहून आगबोटीने मुंबईस जाण्याचा प्रघात होता, त्या काळी कोकणी माणूस निघण्यापूर्वी आभाळाकडे पाही आणि देवापुढे नारळ ठेवी. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेंहून अधिक उतारू प्राणास मुकले. दर्याचा भरवसा धरू नये, हे त्या दिवसाने घरोघर शिकविले. आज याच किनाऱ्यावरील वृद्ध मातापिता विमानाने मुलाकडे जर्मनीस वा अमेरिकेस जातात. आता धास्ती असते ती परमुलखातील रुग्णालयाच्या बिलाची.

विमापत्र घेताना बहुतेक घरांत पहिला प्रश्न हप्त्याचा निघतो. वस्तुतः तो शेवटी विचारावा. प्रथम देश पाहावा. शेंगेन करारातील युरोपीय राष्ट्रांत अल्प मुदतीच्या व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचे वैद्यकीय संरक्षण सक्तीचे असून, मृत्यू ओढवल्यास देह स्वदेशी आणण्याचा खर्चही त्यात यावा लागतो. अमेरिका सामान्य पाहुण्यास अशी सक्ती करीत नाही; परंतु उपचार अतिशय महाग आहेत ते तेथेच. सक्ती नाही म्हणून गरज नाही, हा तर्क फसवा होय.

दुसरी गोष्ट जुन्या दुखण्याची. “साखर थोडीशीच आहे, ती कशाला लिहायची?” असे वडील म्हणतात आणि मुलगाही मान डोलावतो. परंतु विमा हा उभयपक्षी सचोटीचा करार आहे, हे तत्त्व इंग्लंडचे न्यायाधीश लॉर्ड मॅन्सफील्ड यांनी १७६६ साली सुमात्रातील एका किल्ल्याच्या विम्याच्या खटल्यात मांडले. भारतातही तेच मान्य आहे. लपविलेल्या दुखण्याने उचल खाल्ली, तर भरपाई नाकारली जाऊ शकते. दुखणे सांगूनही कित्येक विमापत्रांत ते वगळलेले असते, किंवा जिवावर बेतले तरच खर्च मिळतो. म्हणून ते कलम सही करण्यापूर्वी वाचावे.

तिसरी गोष्ट वजावटीची. प्रत्येक खर्चाचा ठरलेला पहिला भाग प्रवाशाने स्वतः सोसावयाचा असतो. हप्ता स्वस्त दिसला, तर ही रक्कम मोठी नाही ना, हे पाहावे.

रुग्णालयात दाखल होताच कंपनीस कळवावे आणि प्रत्येक पावती जपून ठेवावी. विमापत्राची एक प्रत औषधांच्या डब्यात असावी, दुसरी परदेशातील मुलाजवळ. आजारी माणसास त्या घटकेस कलमे आठवत नाहीत. ज्याला धावपळ करावयाची, त्याच्या हाती कागद असलेला बरा.