मटण-बटाट्याचा हलका रस्सा

मी तुमची सहयोगिनी. बचत, कर्ज, हप्ते हे आपण दर बैठकीत बोलतोच. आज चुलीवरच्या पातेल्याबद्दल बोलू. विषय आहे मटण-बटाट्याचा रस्सा, आणि तो हलका कसा करायचा.

या विषयाची गरज का पडली, ते आधी सांगते. हल्ली जवळजवळ प्रत्येक घरात कुणाला तरी बीपी आहे, कुणाला शुगर आहे, कुणाचं कोलेस्टेरॉल वाढलेलं आहे. डॉक्टर सांगतात, "तेलकट बंद करा." मग घरात दोनपैकी एक गोष्ट होते. एक तर मटण आणणंच बंद होतं आणि पोरं कुरकुरतात. नाहीतर दोन पातेली चढतात, एक सगळ्यांसाठी झणझणीत आणि एक आजारी माणसासाठी पाणचट. दुप्पट काम बाईच्याच वाट्याला येतं आणि ते पाणचट कालवण कुणी खात नाही. आजारी माणूस शेवटी तर्रीच मागतो. म्हणून एकच पातेलं असावं आणि ते सगळ्यांना चालावं, असा रस्सा आपल्याला जमायला हवा.

पहिली गोष्ट समजून घेऊ. रस्सा जड होतो तो चार ठिकाणांहून: मटणाची चरबी, वाटणातलं सुकं खोबरं, फोडणीचं तेल आणि वर तरंगणारी तर्री. चव मात्र येते ती भाजलेल्या कांद्यातून, लसणातून, मसाल्यातून आणि हाडांच्या सावकाश शिजण्यातून. म्हणजे चारही ठिकाणी हात आखडला तरी चव जात नाही. तेलाने चव खुलते हे खरं, पण त्याला वाटीभर तेल लागत नाही.

आता सहा माणसांचं साहित्य लिहून घ्या. मटण पाऊण किलो, मध्यम बटाटे चार, शेवग्याच्या शेंगा दोन, कांदे तीन, टोमॅटो दोन, लसणाचा एक गड्डा, बोटभर आलं, मूठभर कोथिंबीर. किसलेलं सुकं खोबरं दोन चमचे, फुटाण्याचं डाळं दोन चमचे, हळद, तुमचा घरचा मसाला नेहमीइतका. तेल चहाच्या चमच्याने चार चमचे आणि मीठ त्याच चमच्याने दोन, बस्स.

मटण घेताना मागच्या मांडीचं आणि खांद्याचं सांगा. छातीच्या भागात चरबी जास्त असते. वजनात चरबीचा गोळा टाकू नका, असं दुकानदाराला स्पष्ट सांगायला लाजू नका, पैसे आपण मटणाचे देतो. घरी आल्यावर धुण्याआधी पांढरी चरबी सुरीने काढून टाका. हाडं मात्र ठेवा, रस्श्याला गोडी तीच देतात.

पातेल्यात एक चमचा तेल, एक चिरलेला कांदा आणि चिमूटभर मीठ घाला. कांदा लागायला लागला की तेल वाढवू नका, पाण्याचा हबका मारा आणि परतत राहा. मग मटण, हळद, आलं-लसूण आणि बाकीच्यातलं अर्धं मीठ घालून त्याच्या अंगच्या पाण्यात दहा मिनिटं परता. वर ताट ठेवून त्यात पाणी घाला आणि तेच गरम झालेलं पाणी पातेल्यात ओतत मटण शिजवा, आपल्या आज्या करायच्या तसं. कुकरात करणार असाल तर पाणी घालून पाच-सहा शिट्ट्या करा.

आता खरी युक्ती. मटण मऊ झालं की फोडी एका ताटात झाकून ठेवा आणि ते अळणी पाणी वेगळ्या भांड्यात काढा. भांडं थंड पाण्याच्या परातीत वीसेक मिनिटं ठेवा. चरबी हलकी असते, ती वर तरंगते. पळीने अलगद काढून घ्या. फ्रीज असेल तर आदल्या संध्याकाळी शिजवून ठेवलं की सकाळी वर पांढरा थर थिजलेला मिळतो, तो उचलून टाकायचा. फ्रीज नसेल तर मात्र शिजवलेलं मटण रात्रभर बाहेर ठेवू नका, विशेषतः उन्हाळ्यात. आणि ती चरबी मोरीत ओतू नका, थिजून पाइप तुंबतो.

वाटणासाठी उरलेले दोन कांदे सालासकट निखाऱ्यावर किंवा गॅसवर भाजा, तेलात तळू नका. खोबरं आणि डाळं कोरडंच भाजा. सुक्या खोबऱ्यात निम्म्याहून जास्त वजन तेलाचंच असतं, म्हणून ते वासापुरतं. दाटपणाचं काम डाळं करतं. हे सगळं कोथिंबीर घालून बारीक वाटा. आणखी दाटपणा हवा तर तो बटाट्याकडून घ्यायचा: चारपैकी एक बटाटा उकडून, कुस्करून रस्श्यात मिसळायचा.

आता फोडणी. दोन चमचे तेल तापलं की आच बारीक करा, मसाला घाला आणि लगेच पळीभर अळणी पाणी ओता. तेल कमी असलं की मसाला पटकन करपतो, म्हणून हे पाणी हाताशी असू द्या. वाटण आणि टोमॅटो घालून कच्चा वास जाईपर्यंत परता. मग राहिलेलं अळणी पाणी, तीन बटाट्यांच्या मोठ्या फोडी आणि शेंगा घाला. बटाटा अर्धा शिजला की मटण, कुस्करलेला बटाटा आणि उरलेलं मीठ घालून मंद आचेवर उकळी येऊ द्या.

तुम्ही म्हणाल, "ताई, तर्रीशिवाय रस्सा दिसणार कसा?" त्यासाठी चौथा चमचा राखून ठेवलाय. तो तापवून उतरवा, त्यात थोडी लाल मिरचीपूड टाका आणि ज्याला हवी त्याच्या ताटात दोन थेंब वरून सोडा. सगळं पातेलं लाल करायची गरज नाही.

आता हिशेब, आपला गट हिशेबाशिवाय पटवून घेत नाही. सहा माणसांच्या रस्श्याला साधारण शंभर मिली तेल आणि अर्धी सुकी वाटी खोबरं जातं असं धरू. त्याऐवजी आपण वीस मिली तेल आणि दोन चमचे खोबरं वापरलं. माणशी पंधरा ग्रॅमहून जास्त तेल पोटात जायचं वाचलं. एक ग्रॅम तेलातून ९ कॅलरी मिळतात. म्हणजे दर माणशी जवळजवळ एका लहान भाकरीइतकी ऊर्जा वाचली, आणि पोट तेवढंच भरलं. महिन्यात चारदा मटण होत असेल तर तेलाच्या डब्यातही तीनशे मिलीहून जास्त तेल शिल्लक राहतं.

शुगर असलेल्यांसाठी एक गोष्ट. बटाटा भाजीत पडला तरी तो भाकरीच्या बाजूचा आहे. एक मध्यम बटाटा म्हणजे साधारण अर्धी भाकरी. बटाटा ताटात घेतला की तेवढी भाकरी कमी करा आणि शेवगा जास्त घ्या. मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा डॉक्टरांनी पथ्य लिहून दिलं असेल, तर त्यांना विचारूनच खा.

मटणात भाजी घालणं हे काही शहरातलं खूळ नाही. मराठवाड्यात मुस्लिम घरांतल्या लग्नात दालचा होतो, त्यात मटणाबरोबर हरभऱ्याची डाळ आणि दुधी असतो. थोड्या मटणात पुष्कळ माणसं तृप्त करायची ती रीत आहे. शेवगा नसेल तर दुधी घाला, चालतो. ज्या घरी मटण चालत नाही त्यांनी वांगी-बटाटा किंवा अख्ख्या मसुराचा रस्सा याच पद्धतीने करावा.

आता शेवटची आणि माझ्या मते सगळ्यात मोठी गोष्ट. हलका रस्सा म्हणजे बाईच्या ताटात नुसता रस्सा, असा अर्थ कुणी काढू नये. आपल्याकडे आधी पुरुष, मग पोरं, मग पाहुणे जेवतात. बाई बसते तेव्हा पातेल्यात बटाटा आणि चोखलेल्या फोडीएवढं हाड उरतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आपल्या राज्यातल्या १५ ते ४९ वयाच्या दर शंभर बायकांमागे ५४ जणींच्या अंगात रक्त कमी आढळलं. बैठकीत आपण दहा जणी बसतो, त्यातल्या पाच-सहा जणी धरा. मटणातलं लोह पालेभाजीतल्या लोहापेक्षा अंगाला सहज लागतं. म्हणजे ज्या ताटाला फोडीची जास्त गरज, तिथेच ती पोचत नाही.

म्हणून वाढायच्या आधी फोडी मोजा. पाऊण किलोत अठरा-वीस निघतात, माणशी तीन येतात. आपली, सासूबाईंची, वयात आलेल्या मुलीची वाटी आधीच भरून झाकून ठेवा. यात चोरी नाही, ही वाटणी आहे. गटाचे पैसे आपण जसे समान वाटतो, तसेच. जेवताना लिंबू पिळा आणि वरून लगेच चहा घेऊ नका, तासभर थांबा, म्हणजे लोह वाया जात नाही.

या आठवड्यात एकदा करून बघा. पुढच्या बैठकीत दोन गोष्टी सांगा: तेल किती लागलं आणि तुमच्या ताटात फोडी किती आल्या. हजेरीच्या वहीत शेवटच्या पानावर आपण ते लिहून ठेवू. येते मी. नमस्कार.