मंडळी

'मंडळी' हा शब्द आपण दिवसातून किती वेळा उच्चारतो, याचा हिशेब कोणी ठेवला असेल असे वाटत नाही. पंगतीला बसलेल्यांना आपण मंडळी म्हणतो, वऱ्हाडाला मंडळी म्हणतो, आणि जुन्या पिढीतील गृहस्थ तर स्वतःच्या पत्नीचा उल्लेखही 'आमची मंडळी' असाच करीत. बायबलचे मराठी भाषांतर करणाऱ्या पंडितांपुढे जेव्हा 'एक्लेसिया' हा ग्रीक शब्द आला, तेव्हा त्यांनी हाच घरगुती शब्द उचलला. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ बोलावून एकत्र आणलेला समुदाय असा आहे. त्यामुळे मराठी ख्रिस्ती मनुष्य 'मी अमुक गावच्या मंडळीचा सभासद' असे म्हणतो, तेव्हा त्याच्या मनात माणसे असतात. विटामातीच्या इमारतीसाठी त्याच्यापाशी देऊळ, मंदिर, चर्च असे दुसरे शब्द आहेत. हा शब्द निवडणाऱ्यांनी आमच्यावर मोठे उपकार केले आणि मोठी जबाबदारीही टाकली. इमारत एकदा बांधली की पन्नास वर्षे उभी राहते. मंडळी मात्र दर आठवड्याला नव्याने जमवावी लागते.

माझी मंडळी नेवासे तालुक्यातील एका लहान गावची. हा मुलूख जुन्या अमेरिकन मराठी मिशनचा. त्या मिशनचे पहिले लोक गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट १८१३ साली मुंबईस उतरले, आणि १८३१ साली अहमदनगर येथे, म्हणजे २०२४ पासून ज्याला आपण अहिल्यानगर म्हणतो तेथे, त्यांच्या मिशनचे ठाणे पडले. 'ज्ञानोदय' हे नियतकालिक १८४२ साली तेथेच निघाले. या मिशनचे लोक ज्या पंथाचे होते, त्यात प्रत्येक मंडळीने आपला कारभार आपणच पाहावयाचा, आपला पाळक आपणच निवडावयाचा, अशी रीत होती. त्यामुळे पंचवीस-तीस घरांच्या आमच्या मंडळीतही वार्षिक सभा भरे, जमाखर्च वाचला जाई, आणि कंदिलाच्या रॉकेलवर साडेतीन रुपये अधिक कसे झाले यावर रात्री अकरापर्यंत वाद चाले. लोकशाही म्हणजे काय हे मी नागरिकशास्त्राच्या पुस्तकाआधी तेथे शिकलो. तिचे गुण शिकलो आणि तिचा कंटाळाही शिकलो.

आमचे देऊळ आठवड्यातील सहा दिवस शाळा असे व रविवारी देऊळ होई. शनिवारी संध्याकाळी मुले जमीन सारवून घेत, फळ्यावरचे पाढे पुसले जात, आणि मास्तरांच्या टेबलावर पांढरे कापड पसरले की उपासनेची सिद्धता झाली. घंटा म्हणजे कडुलिंबाला टांगलेला रुळाचा तुकडा. पाळकांकडे चार गावे होती; ते सायकलवरून येत, आणि पावसाळ्यात सायकल त्यांच्यावरून येई. उपासनेला पेटी, तबला व झांज असे. पुष्कळशी गीते रेव्हरंड नारायण वामन टिळकांची, अभंगाच्या व ओवीच्या वळणाची. त्यामुळे निरक्षर म्हातारीलाही 'उपासना संगीत' हे पुस्तक हाती धरण्याची गरज पडत नसे. उपासना संपली की दाराशी एकमेकांचे हात हाती घेऊन 'सलाम' म्हणावयाचे. हा आमचा जुना नमस्कार. ज्याला सलाम केला नाही त्याच्याशी काही बिनसले आहे, हे सगळ्या गावाला त्या दाराशीच कळे.

मंडळीचे खरे जीवन रविवारच्या त्या दीड तासात दिसते असे मला वाटत नाही. ते माझ्या आईच्या पिठाच्या डब्यापाशी दिसे. रोज सकाळी भाकरीचे पीठ परातीत घेण्यापूर्वी ती एक मूठ धान्य वेगळ्या मडक्यात टाकी. आमच्याकडे याला मुठीचे धान्य म्हणत. घरात पीठ कमी असले तर मूठ लहान होई, पण चुकत नसे. शनिवारी स्त्रीसभेच्या दोन बाया मडकी रिकामी करून नेत, आणि ते धान्य कोणाच्या घरी जाई हे त्या दोघींखेरीज कोणास ठाऊक नसे. एका वर्षी आमच्या वडिलांचा पाय मोडला. ते अडीच महिने अंथरुणावर होते, आणि दर शनिवारी रात्री आमच्या दाराशी एक गाठोडे येई. गाठोड्यातील बाजरीत तांदूळही असत, ज्वारीही असे. अनेक घरांच्या मुठी एकत्र झाल्याची ती खूण होती. आई ते धान्य निवडीत बसे, आणि रडू आले तर सुपात पाखडण्याचा आवाज जरा मोठा करी. तशाही दिवसांत ती आपली मूठ मडक्यात टाकीतच होती, हे मला फार पुढे लक्षात आले.

आता दुसरी बाजू सांगितली पाहिजे, नाही तर हे भाषण म्हणजे मंडळीच्या वार्षिक अहवालासारखे होईल, आणि ते कोणीच ऐकत नाही.

आमच्या मंडळीत पूर्वाश्रमीच्या दोन जातींची घरे होती. बाप्तिस्म्याचे पाणी दोघांवर एकाच लोट्यातून पडले होते. पण देवळात पूर्वेच्या भिंतीला कोणी बसावयाचे आणि पश्चिमेच्या भिंतीला कोणी, हे ठरलेले होते. ते कोणी ठरविले, हे विचारले तर कोणीही सांगू शकत नसे. मुलीच्या लग्नाची बोलणी निघाली की उपदेशात ऐकलेली सर्व समता दाराबाहेर चपलांपाशी ठेवली जाई. लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रे'मध्ये आपल्या मनातील सोवळेओवळे किती हळूहळू व किती कष्टाने गेले, ते मोठ्या प्रांजळपणे लिहिले आहे. त्या वरच्या जातीतून आल्या होत्या म्हणून त्यांचे सोवळे डोळ्यांत भरले. आम्ही खालच्या मानलेल्या जातींतून आलो होतो, तरी आमच्यातही एकाने दुसऱ्याला खालचे मानण्यापुरती जागा शिल्लक होतीच. करिंथच्या मंडळीला पौलाने लिहिलेले पत्र याच कारणासाठी मला फार जवळचे वाटते. प्रभूच्या भोजनासाठी जमणारे लोक एकमेकांसाठी थांबत नाहीत, एक उपाशी राहतो आणि दुसरा पिऊन तर्र होतो, म्हणून तो त्यांना कडक शब्दांत फटकारतो. पहिल्याच शतकात मंडळीची पंगत अशी बिघडली होती, हे वाचून धीर येतो असे म्हणणे बरोबर नाही. पण एकटेपणा कमी होतो.

प्रभुभोजन ही मंडळीची कसोटी, असे आमचे पाळक म्हणत. त्या काळी आमच्याकडे एकच प्याला असे. मनुका भिजवून, कुस्करून काढलेला रस त्या पितळी प्याल्यात भरला जाई, आणि तो रांगेने एका हातातून दुसऱ्या हातात जाई. ज्या मुलखात दुसऱ्याच्या घागरीला हात लावण्यावरून डोकी फुटत, तेथे ज्याच्या ओठांना लागला तोच प्याला आपल्या ओठांना लावावयाचा, ही गोष्ट लहान नव्हती. प्रभुभोजनाच्या आदल्या बुधवारी पूर्वतयारीची प्रार्थना होई. वेदीपाशी अर्पण आणले असता भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे असे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवून आधी त्याच्याशी समेट करावा, ही येशूची आज्ञा पाळक वाचून दाखवीत. मग कोणाचे कोणाशी वाकडे असेल त्याने रविवारपर्यंत ते मिटवावे, अशी अपेक्षा असे.

माझे वडील आणि शेजारचे काका यांचे मिटत नव्हते. दोघांची विहीर सामाईक होती, आणि पाण्याच्या पाळीवरून १९६८ च्या उन्हाळ्यात शब्दाला शब्द वाढला. काका मंडळीतील वडील होते, म्हणजे पंचांपैकी एक. त्यामुळे वार्षिक सभेतही तो विषय निघाला, आणि आमचे वडील सभेतून उठून गेले. त्या दिवसापासून दोघांत अबोला. वडील दर रविवारी देवळात जात, दशांश देत, मुठीचे धान्य कधी बंद करू देत नसत. पण प्रभुभोजनाच्या दिवशी प्याला त्यांच्यापाशी आला की तो ओठांना न लावता ते पुढे देत. कोणी काही म्हणत नसे. आम्ही मुले मान खाली घालून त्या प्याल्याचा प्रवास ऐकत असू. चार वर्षे हे चालले.

मग १९७२ चा दुष्काळ आला. गावातील माणसे खडी फोडण्याच्या कामावर गेली, मुलांना सुकडी मिळू लागली, जनावरे गेली. ज्या विहिरीवरून भांडण झाले होते तिचा तळ उघडा पडला. विहीर आटली, अबोला आटला नाही. कारण नाहीसे झाल्यावरही भांडण स्वतःच्या बळावर किती दिवस उभे राहू शकते, याचे मला तेव्हा मोठे नवल वाटले होते.

त्याच उन्हाळ्यात काकांचा धाकटा मुलगा तापाने गेला. माझ्याच वयाचा होता. आमच्याकडे खड्डा मंडळीतील पुरुष खणतात. मजूर लावीत नाहीत. पण त्या वर्षी भुई दगडासारखी झाली होती, आणि अर्धे पुरुष कामावर दूर गेले होते. दुपारच्या उन्हात वडील पहार घेऊन दफनभूमीत गेले. मी पाण्याची कळशी घेऊन मागोमाग गेलो. दुसरे दोघे होते, ते थकले की बसत; वडील बसले नाहीत. पहारीचा प्रत्येक घाव परत हातात येत होता, तळहात फुटले होते. काका येऊन कडेला उभे राहिले. वडिलांनी वर पाहिले नाही, काकांनीही काही म्हटले नाही. थोड्या वेळाने ते खाली उतरले आणि फावड्याने सुटी झालेली माती वर काढू लागले. आपल्या मुलासाठी तो बाप माती काढीत होता, आणि त्याच्याशी चार वर्षे न बोललेला मनुष्य ती त्याला फोडून देत होता. मी कडेला बसून होतो. दोघांनी पाणी प्यायले ते त्याच कळशीतून.

पुढच्या प्रभुभोजनाला वडिलांनी प्याला ओठांना लावला. सगळ्या देवळाने ते पाहिले आणि कोणीही पाहिल्याचे दाखविले नाही. काकांनी मात्र त्या दिवशी तो तसाच पुढे दिला. त्यांचे भांडण आता वडिलांशी नव्हते. ते नाताळापर्यंत चालले. त्या महिन्यांत पाळक दर आठवड्याला सायकलवरून काकांच्या ओसरीवर येऊन बसत, आणि माझ्या माहितीप्रमाणे फारसे काही बोलत नसत. उपदेशाचा तो प्रकार मला अजून साधलेला नाही.

मंडळीची कुंपणे कोठे घालावीत, हा प्रश्न टिळकांनाही आयुष्याच्या शेवटी फार सतावीत होता. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले, १९०४ मध्ये पाळकपदाची दीक्षा मिळालेले हे गृहस्थ १९१७ साली मिशनची नोकरी सोडून साताऱ्यास गेले, आणि बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा सर्व ख्रिस्तशिष्यांसाठी त्यांनी 'देवाचा दरबार' मांडला. १९१९ मध्ये त्यांचे निधन झाले, आणि तो दरबार फार काळ टिकला नाही. उलट दिशेने पाहिले तर १९७० च्या २९ नोव्हेंबरला नागपूर येथे सहा निरनिराळे प्रवाह एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले, आणि आमची लहानशी मंडळीही त्या मोठ्या प्रवाहात गेली. आम्हांला बिशप मिळाले. वार्षिक सभेतील रॉकेलचा वाद मात्र होता तसाच राहिला. पुढे वीज आल्यावर तो बिलावर गेला.

आता गावी अकरा घरे उरली आहेत. मुले पुण्याला, मुंबईला, कोणी त्याहून दूर. कडुलिंब आहे, रूळही आहे. पण हंगामाच्या सणाला आम्ही बरेचसे परततो. त्या दिवशी प्रत्येकाने आपल्या शेतातले पहिले फळ आणावयाचे आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव. बाहेरच्या माणसाला हा लिलाव वेड्यांचा बाजार वाटेल. चार अंडी दोनशे रुपयांना जातात. घेणारा ती तेथेच परत अर्पण करतो, आणि पुन्हा बोली सुरू होते. माझ्या आत्याचे घर १९५६ नंतर बौद्ध झाले. तिची नातवंडेही येतात व बोली चढवितात. गेल्या खेपेस एक लाल भोपळा असा सहा वेळा विकला गेला. शेवटची बोली काकांच्या थोरल्या मुलाची होती. त्याने तो भोपळा उचलून माझ्या पिशवीत टाकला आणि म्हणाला, "दादा, एवढा मोठा आम्हांला दोघांना कशाला? अर्धा कापून सकाळी पाठवून द्या."

सकाळी माझी गाडी लवकर होती. भोपळा कापून अर्धा त्याच्या ओसरीवर ठेवला आणि निघालो.