बंद दाराआडची साक्ष

अमेरिकेच्या राज्यघटनेत १७९१ साली पाचवी दुरुस्ती झाली, तेव्हा ग्रँड ज्युरी ही नागरिकाची ढाल मानली गेली होती. सरकारच्या मनात आले म्हणून कोणावरही गंभीर गुन्ह्याचा आरोप ठेवता येऊ नये, आधी सामान्य नागरिकांच्या मंडळाने पुरावा पाहावा, हा तिचा हेतू. परंतु व्हिएतनाम युद्धाच्या काळात निक्सन सरकारने युद्धविरोधी चळवळीची माहिती उकरून काढण्यासाठी हीच संस्था वापरली. ढालीची तलवार झाली.

ज्याला समन्स येते त्याच्यापुढे काय वाढून ठेवलेले असते? दारात आलेल्या एफबीआयच्या माणसाशी बोलण्याचे नाकारता येते. समन्सकडे पाठ फिरवता येत नाही. वकिलामार्फत ते रद्द करण्याचा अर्ज मात्र करता येतो. तो फेटाळला गेला की साक्षीदार एकटाच त्या खोलीत शिरतो. केंद्रीय ग्रँड ज्युरीत १६ ते २३ नागरिक असतात. सोबत सरकारी वकील आणि लघुलेखक. न्यायाधीश नसतो. साक्षीदाराचा वकील दाराबाहेर. त्याचा सल्ला घ्यायचा तर उठून बाहेर जावे लागते. चौकशीचा रोख कोणावर आहे, हे सांगितले जाईलच असे नाही. आजचा साक्षीदार उद्याचा आरोपी ठरू शकतो.

मौनाचा हक्क आहे, पण तो जपून वापरावा लागतो. डेन्व्हरच्या ग्रँड ज्युरीपुढे कम्युनिस्ट पक्षाविषयी विचारणा झाली, तेव्हा पॅट्रिशिया ब्लाऊ यांनी उत्तरेच नाकारली. १९५० साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांचा हक्क मान्य केला. जेन रॉजर्स यांनी मात्र आपण पक्षाच्या खजिनदार होतो हे आधी सांगितले आणि दप्तर कोणाच्या हाती दिले ते सांगण्यास नकार दिला. १९५१ साली त्याच न्यायालयाने निकाल दिला की, एवढे बोलल्यावर मौनाचा हक्क उरत नाही. एका निरुपद्रवी वाटणाऱ्या उत्तराची ही किंमत!

१९७० च्या कायद्याने सरकारच्या हाती आणखी एक किल्ली दिली. साक्षीदाराचे बोलणे त्याच्याविरुद्ध वापरणार नाही असे अभय द्यायचे आणि मौनाचा आधारच काढून घ्यायचा. १९७२ साली सर्वोच्च न्यायालयाने हे वैध ठरवले. त्यानंतरही जो बोलत नाही, त्याला न्यायालयाच्या अवमानाबद्दल तुरुंग. ही शिक्षा नव्हे, केवळ सक्ती, असे कायदा म्हणतो. ती ज्युरीची मुदत संपेपर्यंत, फार तर १८ महिने चालते. चेल्सी मॅनिंग यांनी २०१९ साली विकिलीक्सच्या चौकशीत साक्ष नाकारली. मधला एक आठवडा वगळता मार्च २०२० पर्यंत त्या तुरुंगात होत्या. वर २ लाख ५६ हजार डॉलरचा दंड.

या यंत्रणेचे खरे बळ तुरुंगात नाही, संशयात आहे. बंद खोलीत कोण काय बोलले हे न कळल्याने सोबती सोबत्याकडे साशंकतेने पाहू लागतो. परंतु केंद्रीय नियमांतील गुप्ततेचे बंधन सामान्यतः साक्षीदारावर नाही. बाहेर येऊन, वकिलाच्या सल्ल्याने, काय विचारले गेले हे त्याने सोबत्यांना सांगावे; आणि जो गप्प राहून तुरुंगात गेला, त्याच्या घरची चूल चळवळीने पेटती ठेवावी. साक्षीदार खोलीत एकटा असतो. खोलीबाहेर तो एकटा पडता कामा नये.