मुळा-मुठेच्या खोऱ्यांतील जमीन व पाणी
(पुणें येथें दिलेल्या भाषणाचा गोषवारा)



पाऊस आपल्या हातीं नाहीं. परंतु पडलेल्या पाण्याचें पुढें काय होतें, हें पुष्कळ अंशीं जमिनीच्या वापरावर अवलंबून असतें. पुण्याच्या वरच्या अंगास मुळा-मुठेचें २०३६ चौरस किलोमीटरांचें पाणलोट क्षेत्र आहे. त्याची चिकित्सा पॉल वाग्नर आदि संशोधकांनीं २०१३ सालीं प्रसिद्ध केली. उपग्रहांच्या चित्रांवरून जमीनवापराचे नकाशे करून ते ‘स्वॅट’ नामक संगणकीय जलगणितांत घातले, व १९८९-९० आणि २००९-१० अशा दोन नकाशांवर तें चालवून फलें ताडून पाहिलीं.

वीस वर्षांत वस्तीची जमीन शेंकडा ५.१ वरून १०.१, व पिकांची ९.७ वरून १३.५ झाली. आतां मौज पाहा: सबंध खोऱ्याच्या ताळेबंदांत दोहोंचे परिणाम एकमेकांस खाऊन टाकतात! व्यापारी मंडळींस हें काय सांगावें? एका दुकानाची तूट दुसऱ्याच्या नफ्यांत झांकली जाते, तसेंच हें. पोटखोऱ्यांच्या वह्या निराळ्या उघडल्या म्हणजे दिसतें कीं, घरें उठलीं तेथें वाहून येणारें पाणी शेंकडा ७.६ पर्यंत वाढलें. शेती वाढली तेथें वाफ होऊन जाणारें पाणी ५.९ पर्यंत वाढलें. तें पाणी खालच्या गांवच्या ओढ्यास मिळत नाहीं.

सबब तळीं-बंधाऱ्यांस द्रव्य देतांना सरासरीवर विसंबूं नये. त्या त्या ओढ्याचा नकाशा मागावा. गणित म्हणजे नदी नव्हे. मोजलेल्या प्रवाहाशीं तें पडताळावें लागतें. म्हणून जेथें मोजणी नाहीं, तेथें मापनपट्टीचा खर्चही देणगींत धरावा.