धान्यपिकांचे पोषण आणि आपली जमीन
(सेनगाव येथील वार्षिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



आपल्या मेळाव्यात शिक्षण, विवाह, वसतिगृह या प्रश्नांचा ऊहापोह नेहमी होतो. परंतु ज्या शेतीच्या उत्पन्नावर हे सारे चालते, तिचा विचार क्वचितच होतो. म्हणून आज आपल्या भागातील ज्वारी व गहू या दोन धान्यांच्या पोषणासंबंधी चार शब्द बोलण्याचे मी योजिले आहे.

गेल्या काही दशकांत कयाधूच्या खोऱ्यात खरीप ज्वारीची जागा बहुतांशी सोयाबीनने घेतली. ज्वारी गेली तसा कडबा गेला, कडबा गेला तशी जनावरे घटली आणि जनावरांबरोबर उकिरडाही आटला. शेणखताची ती उणीव आपण युरिया व डीएपीच्या पोत्यांनी भरून काढू पाहतो. पोती वाढतात, दुकानाची उधारी वाढते. उतारा मात्र त्या मानाने वाढत नाही. याची दोन कारणे मला दिसतात.

पहिले कारण असे, की जे द्रव्य जमिनीत सर्वांत कमी असते, त्यावर पिकाची वाढ अडून राहते. हा नियम जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग यांनी एकोणिसाव्या शतकात जगापुढे ठेविला. आपल्या काळ्या जमिनीत पालाश सामान्यतः पुरेसे असते. परंतु नत्र व सेंद्रिय कर्ब कमी असतात. चुन्याच्या अंशामुळे स्फुरद बांधले जाते, आणि जस्त व लोह पिकास सहजी मिळत नाही. जस्ताची उणीव असलेल्या शेतात युरियाच वाढवीत राहणे, हे डाळ कमी पडली म्हणून आमटीत मीठ वाढविण्यासारखे होय.

दुसरे कारण ओलाव्याचे. खत ओलीत विरघळल्यावाचून मुळांना लागत नाही. कोरडवाहू रब्बी ज्वारी जमिनीतील साठलेल्या ओलीवर वाढते. म्हणून मध्यम जमिनीत हेक्टरी 40 किलो नत्र व 20 किलो स्फुरद ही सारी मात्रा पेरणीच्या वेळीच, दोन चाड्यांच्या पाभरीने, बियांच्या खाली पेरून द्यावी. मागाहून कोरड्या भुईवर फेकलेला युरिया बराचसा वाया जातो.

बागायती गव्हाची रीत निराळी. त्याला हेक्टरी साधारण 120 किलो नत्र, 60 किलो स्फुरद व 40 किलो पालाश लागते. एकरी हिशेब केला तर 48, 24 आणि 16 किलो. डीएपीच्या 50 किलोच्या एका पोत्यात 23 किलो स्फुरद व 9 किलो नत्र असते. म्हणजे स्फुरदाची गरज एका पोत्यात जवळजवळ भागते. उरलेल्या 39 किलो नत्रासाठी सुमारे 85 किलो युरिया पुरे. त्यातील 33 किलो पेरणीबरोबर व उरलेला तीन आठवड्यांनी, मुकुटमुळे फुटण्याच्या वेळच्या पाण्याबरोबर द्यावा. याहून अधिक दिल्यास गहू लोळतो आणि पैसाही जातो.

मग शेणखताचे काय? एक टन कुजलेल्या शेणखतात अवघे पाच किलोच्या आसपास नत्र असते. त्यामुळे ते पोत्याची जागा संपूर्णपणे घेऊ शकत नाही. परंतु जमिनीची ओल धरण्याची शक्ती त्यानेच वाढते, आणि ती शक्ती कोणत्याही पोत्यात मिळत नाही. सोयाबीनचे भुसकट पेटवून देणे म्हणूनच मला फार खटकते.

माती तपासल्यावाचून हे सारे अंदाजच ठरतात. मृद आरोग्य पत्रिकेची योजना 2015 साली सुरू झाली. कळमनुरी तालुक्यात तोंडापूर येथे कृषी विज्ञान केंद्रही आहे. नमुना उन्हाळ्यात, खत टाकण्यापूर्वी घ्यावा. बांध, झाडाची सावली व उकिरड्याची जागा वर्ज्य करून दहाबारा ठिकाणची वीतभर खोलीची माती एकत्र करावी व त्यातील अर्धा किलो पाठवावी. तपासणीत जस्त कमी आढळले तर हेक्टरी 20 ते 25 किलो झिंक सल्फेट द्यावे. मात्र ते स्फुरदयुक्त खतात मिसळू नये.

या जस्ताचा संबंध आपल्या ताटाशीही आहे. परभणीच्या कृषी विद्यापीठाने हैदराबादजवळील इक्रिसॅट संस्थेच्या सहकार्याने 2018 साली ‘परभणी शक्ती’ हे ज्वारीचे वाण प्रसृत केले. त्याच्या दाण्यात लोह व जस्त अधिक असते. आपल्या लेकीसुनांच्या अशक्तपणाची काळजी वाहणाऱ्या समाजाने निदान घरच्या भाकरीपुरती एखादी पट्टी तरी ज्वारीखाली ठेवावी.

बंधुभगिनींनो, मेळाव्याचे ठराव पुष्कळदा कागदावरच राहतात. माझी विनंती एवढीच, की प्रत्येक गावच्या चार तरुणांनी येत्या उन्हाळ्यात आपल्या घरांच्या शेतांचे नमुने एकत्र करून तपासणीस न्यावेत आणि आलेल्या पत्रिका चावडीवर वाचून दाखवाव्यात. ज्या घरी लिहिता-वाचता येणारे कोणी नाही, त्या घराचा नमुना आधी घ्यावा. कारण पोत्यांची उधारी त्याच घराला अधिक जड जाते.