बारा पुस्तकांचा विडा

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला ‘वाचनाचे महत्त्व’ हा विषय दिला होता. या विषयावर आपण आठवीत निबंध लिहिला, नववीत लिहिला आणि दहावीच्या सराव परीक्षेतही लिहिला. चौथ्यांदा तोच निबंध ऐकायला तुम्ही रजा टाकून इथे आलेला नाही. म्हणून मी विषय जरा बदलून घेतला. माझ्याकडे निबंध नाही, एक यादी आहे. ती कशी केली, त्यात काय घेतलं, काय वगळलं आणि एक जागा रिकामी का ठेवली, तेवढं सांगते.

आपल्या ग्रुपवर गेल्या दिवाळीत कुणीतरी टाकलं की नव्या वर्षात सगळ्यांनी मिळून बावन्न पुस्तकं वाचायची, आठवड्याला एक. तीस जणांनी अंगठे दाखवले. पुढच्या आठवड्यात पुस्तकांची नावं विचारली तर सगळे गप्प. मला त्याचं नवल वाटलं नाही. आकड्याचं आव्हान घेतलं की माणूस पातळ पुस्तकं शोधायला लागतो, आणि वाचून झाल्यावर काय वाचलं हे त्यालाच सांगता येत नाही. मी बावन्नाचे बारा केले आणि बाराही पुस्तकांना मिळून एकच विषय ठेवला. विषय एक असला की पुस्तकं एकमेकांशी बोलतात. मार्चमधलं पुस्तक वाचताना जानेवारीतलं आठवतं. एखादं हुकलं तरी पुढच्यात त्याचा धागा सापडतो.

विषय निवडला ‘आपला मुलूख’. आता मुलूख म्हणजे कुठवर? जिल्हा धरला तर आटपाडी बाहेर जाते, आणि माणदेशाशी आपलं नातं अकलूज-पंढरपूरइतकंच जवळचं आहे. किलोमीटर मोजले तर कंपास घेऊन बसावं लागेल. शेवटी आपल्या आजीच्या हिशेबाचा नियम केला. जेऊरहून पहाटे निघून, काम उरकून, रात्रीच्या भाकरीला घरी परत येता येईल, तेवढा आपला मुलूख. लेखक तिथला असावा किंवा पुस्तकातली गोष्ट तिथली असावी.

या नियमात लगेच एक अडचण आली. पुण्याला सकाळच्या गाडीनं जाऊन रात्री परत येणारे लोक आपल्या स्टेशनावर रोज दिसतात. पुणे आत घेतलं तर निम्मं मराठी साहित्य यादीत येऊन बसेल, म्हणून पुण्याला वगळलं. पुण्यात स्थायिक झालेल्यांनी मनाला लावून घेऊ नये. दुसरी चुटपूट डॉक्टर द्वारकानाथ कोटणीसांची. जन्म १९१०, सोलापूरचा. १९३८ साली ते वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले आणि १९४२ साली तिथेच वारले. त्यांचं चरित्र घ्यायचं फार मनात होतं. पण ते रात्रीच्या भाकरीला परत आलेच नाहीत. त्यांना पुढच्या वर्षीच्या यादीत, ‘मुलूख सोडून गेलेले’ या विषयात, पहिला मान.

जानेवारीला व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ आहे. १९५५ सालची कादंबरी. ती आधी ठेवण्याचं कारण अगदी व्यवहारी आहे. आपल्यातल्या कित्येकांनी दहावीनंतर पुस्तक हातात धरलेलं नाही. त्यांच्या पुढ्यात पहिल्याच महिन्यात पाचशे पानं ठेवली तर ते फेब्रुवारीत फोन उचलणार नाहीत. ‘बनगरवाडी’ दोन रविवारांत होते. एक पोरसवदा मास्तर धनगरांच्या वाडीत शाळा चालवायला जातो, हळूहळू वाडीतलाच होतो, तालीम बांधून घेतो. मग पाऊस दगा देतो आणि वाडी उठते. आपल्या वर्गातले पुष्कळ जण बहात्तरच्या दुष्काळातले, म्हणजे जन्मदाखल्यावरच दुष्काळ घेऊन आलेले. सुकडी आणि खडीकेंद्र हे शब्द आपल्याला आई-वडिलांकडून मिळाले. ही कादंबरी त्याच्याही आधीच्या, औंध संस्थानाच्या काळातली. तरी वाडी रिकामी होण्याची पानं वाचताना मला आमच्या ओसरीवरच्या गप्पा ऐकू आल्या.

बाराच्या बारा महिन्यांचं इथे सांगत बसत नाही. यादीचा कागद मागच्या टेबलावर ठेवला आहे. पण काही महिने का तसे ठेवले ते सांगायला हवं.

मार्चला डॉक्टर किशोर शांताबाई काळे यांचं ‘कोल्हाट्याचं पोर’. १९९४ साली आलं. लेखक आपल्याच करमाळा तालुक्यातले. आई तमाशात नाचणारी, बापाचं नाव लावायला मिळालेलं नाही, आणि तो मुलगा मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात जाऊन डॉक्टर झाला. २००७ साली अपघातात गेले, चाळिशीही गाठली नाही. आपल्या सरकारनं २०२४ च्या मेपासून जन्मलेल्या मुलांच्या कागदपत्रांत बापाच्या नावाआधी आईचं नाव लावायचा नियम केला. या माणसानं ते तीस वर्षं आधी पुस्तकाच्या मुखपृष्ठावर लावलं. तमाशाचा फड आपण सगळ्यांनी पाहिला आहे, काहींनी तंबूच्या कनातीखालून पाहिला आहे, त्यांची नावं घेत नाही. कनातीच्या आतल्या बाजूला जे मूल झोपलेलं असायचं, त्याचं हे पुस्तक आहे. आपल्या बरोबरीचाच, थोडा मागचा-पुढचा मुलगा. त्याचा रस्ता आपल्याच एसटी स्टँडावरून जात होता.

यादी ग्रुपवर टाकल्यावर एका मैत्रिणीचा फोन आला. म्हणाली, “अगं, एवढं रडवणारं कशाला ठेवतेस? घरात काय कमी आहे का?” तिचं म्हणणं मी गांभीर्यानं घेतलं. पुस्तक काढलं नाही, पण त्याच्या मागेपुढे काय ठेवायचं याचा विचार केला. शरणकुमार लिंबाळे यांचं ‘अक्करमाशी’ (१९८४) हेही आपल्याच जिल्ह्यातलं, अक्कलकोट तालुक्यातल्या हन्नूरचं. विषयानं ते ‘कोल्हाट्याचं पोर’च्या अगदी जवळ आहे. म्हणूनच ते लगोलग ठेवलं नाही, थेट सप्टेंबरात टाकलं. दोन आत्मकथनं पाठोपाठ वाचली की आपण नकळत दुःखाची तुलना करायला लागतो, कुणाचं जास्त, कुणाचं कमी. मधे पाच महिने गेले की दुसऱ्या माणसाला त्याची स्वतःची जागा मिळते. हे माझं मत आहे. कुणाला पटलं नाही तर खुशाल क्रम बदला.

मे महिन्यात दुसरं काही वाचवत नाही, कविता वाचवतात. तिथे ‘उन्हाच्या कटाविरुद्ध’ आहे. कवी कोण हे जेऊरमध्ये उभं राहून सांगायला लागू नये. नागराज मंजुळे म्हटलं की सगळे ‘सैराट’ आणि ‘फँड्री’ सांगतात. कवितांचं पुस्तक घरात असलेल्यांनी आत्ता हात वर करावेत. (चार हात वर आले.) बघा, म्हणून ते यादीत आहे. पुस्तक लहान, म्हणून त्याच महिन्यात गॅझेटियरमधली सोलापूरच्या मार्शल लॉची पानंही ठेवली. मे १९३० मध्ये सोलापुरात लष्करी कायदा लागला आणि १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्यात फाशी दिली. चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांवरून आपण शंभरदा गेलो असू. चौघांची नावं ओळीनं सांगता येणारे किती, ते विचारत नाही.

आषाढात द. बा. मोकाशींचं ‘पालखी’, १९६४ चं. मोकाशी भाबडेपणानं चालत नाहीत आणि हसण्यासाठीही चालत नाहीत, म्हणून ते मला आवडतात. त्यांची वाट ज्ञानोबांच्या पालखीची आहे, आपली निवृत्तिनाथांची. त्र्यंबकेश्वराहून निघालेली ती पालखी करमाळ्यावरून जेऊर, मग कंदर अशी पुढे जाते. ज्यांच्या घरी वारकऱ्यांची पंगत उठते त्यांनी या महिन्यात वाचलं नाही तरी चालेल. बाकीच्यांसाठी जोडीला सावता माळ्यांचे अभंग. अरण माढा तालुक्यातलं, आपल्या नियमात सहज बसणारं. सावतोबांचे आज मिळणारे अभंग चाळीससुद्धा भरत नाहीत. एका संताचं सगळं उपलब्ध लेखन एका संध्याकाळी वाचून होतं, असा लाभ दुसरीकडे नाही. मळा सोडून ते पंढरपूरला गेले नाहीत, अशी त्यांची कथा. ज्यांचा ऊस तुटायचा बाकी आहे त्यांना ती फार जवळची वाटेल.

उसावरून आठवलं. जाडं पुस्तक कुठे घालायचं हा प्रश्न मी आपल्या शेतकरी मित्रांना विचारून सोडवला. कारखाना सुरू झाला की मार्चपर्यंत त्यांना उसंत नाही. केळीवाल्यांना तर बाराही महिने नाही. म्हणून रा. चिं. ढेरे यांचं ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ पावसाळ्यात ठेवलं, दोन महिने मिळून, आणि तेही ऐच्छिक. दिवाळीच्या महिन्यात पुस्तक नाही. बायकांनी एकमुखानं सांगितलं की फराळ आणि पुस्तक एका वेळी होत नाही. आणि पुरुषांनी फराळ करावा या सूचनेला अजून अनुमोदन आलेलं नाही.

आता नोव्हेंबर आणि डिसेंबर. खरं सांगायचं ते इथेच आहे.

नोव्हेंबरला विश्वास पाटलांची ‘झाडाझडती’ आहे. १९९१ ची कादंबरी, पुढच्या वर्षी साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेली. धरणात गाव गेलेल्या माणसांची. ही माझ्या नियमात बसत नाही, त्यातलं धरण उजनी नाही. तरी ठेवली. उजनी १९८० साली पूर्ण झालं तेव्हा आपण तिसरी-चौथीत होतो. ११७ टीएमसी पाणी म्हणजे किती ते आपल्याला कळत नव्हतं, पण वर्गात नवी मुलं आली होती एवढं कळत होतं. त्यांच्या गावाचं नाव तेच होतं आणि गाव दुसरीकडे होतं. आपण त्यांना ‘धरणाची पोरं’ म्हणायचो. ती पोरं आज या मांडवात बसली आहेत, त्यांच्या डोक्यावर पांढरे केस आहेत. त्याच पाण्यावर आपली केळी आणि ऊस उभा राहिला, हेही खरं आहे.

अ‍ॅन मॉर्गन नावाची एक लेखिका आहे. २०१२ साली तिनं एका वर्षात जगातल्या प्रत्येक देशाचं एक पुस्तक वाचायचं ठरवलं, एकूण १९६ देश. दक्षिण सुदान तेव्हा नुकता स्वतंत्र झाला होता आणि तिथलं इंग्रजीत पुस्तक तिला मिळेना. तेव्हा तिथल्या ज्युलिया दुआनी यांनी खास तिच्यासाठी लिहून पाठवलं. हे वाचलं त्या दिवशी मी डिसेंबरची जागा रिकामी केली.

डिसेंबरचं पुस्तक आपण लिहायचं आहे. केत्तूर, वाशिंबे, कुगाव, चिखलठाण या बाजूनं जे आपल्या वर्गात आले, त्यांनी प्रत्येकी दोन पानं. भावना लिहू नका, ती आम्ही समजून घेऊ. घर कोणत्या तोंडाचं होतं ते लिहा. वाशे-तुळया कशावर लादून आणल्या, दारं बरोबर आली का? विहिरीचं नाव काय होतं? गुरं किती आणली, किती विकली, कुणाला? मारुती हलवला की नवा बसवला? मोबदल्याचे पैसे किती हप्त्यांत आले? आपल्या एका मित्राच्या आई आजही ‘वरच्या आळीला’ म्हणतात आणि ती आळी पाण्याखाली आहे. उन्हाळ्यात पाणी फार ओसरलं की त्या काठावर जाऊन जोती मोजतात. त्यांचं वय पंच्याऐंशीच्या पुढे आहे. त्यांना लिहिता येत नाही, आणि मुलगा म्हणतो त्यालाही जमणार नाही. मग त्यांनी सांगावं, नातवानं फोनवर रेकॉर्ड करावं, आणि उतरवून घेण्याचं काम मी करीन. असे आई-वडील अजून किती घरांत आहेत याची मोजणी मी गेल्या आठवड्यात केली. आपल्या वर्गाच्या हिशेबानं नऊ. गेल्या दिवाळीत बारा होते.

म्हणून एक बदल इथेच जाहीर करते. वाचन ठरल्याप्रमाणे जानेवारीपासून; पण डिसेंबरचं काम उद्यापासून. उरलेले मुक्कामी आहेतच, त्यांनी सकाळी माझ्याबरोबर यावं. पहिल्या दोन घरी नाश्त्यानंतर जायचं ठरलं आहे, तिथे निरोप दिला आहे.

व्यवस्थेचं तेवढं सांगते. तिघांत एक प्रत पुरे. ज्यांना बारीक अक्षर दिसत नाही त्यांनी घरातल्या कुणाकडून वाचून घ्यावं, तेही वाचलं म्हणूनच धरू. ट्रकवाल्या मित्रांसाठी आपल्या वर्गातल्या दोघी ‘बनगरवाडी’ मोठ्यानं वाचणार आहेत, फोनवर ऐकवतील, पण फक्त त्यांनाच. रेकॉर्डिंग कुठे पुढे पाठवायचं नाही, लेखकाच्या हक्काचा प्रश्न आहे. महिन्याच्या शेवटच्या रविवारी संध्याकाळी बैठक, बाहेरगावच्यांनी फोनवरून यावं. पुस्तक न वाचता आलेल्याला चहा मिळेल, बोलायला मिळणार नाही.

‘बनगरवाडी’च्या सहा प्रती मराठीच्या बाईंजवळ ठेवल्या आहेत. बाई नाव लिहून घेतल्याशिवाय देणार नाहीत, आणि कोरी परत आली तर काय करतील ते तुम्हाला माहीत आहे.